दारातला उजेड

पंचदशीच्या ध्यानदीप या प्रकरणाच्या आरंभीच विद्यारण्य दोन माणसांचा दृष्टान्त देतात. एका घरात मणी आहे, दुसऱ्यात दिवा. दोन्ही वस्तू आत, त्यांचा उजेड तेवढा दारात. लांबून पाहणारे दोघेही त्या उजेडालाच मणी समजून धावतात. दोघांचीही समजूत चूक, कारण मण्याचा उजेड म्हणजे मणी नव्हे. तरी एकाच्या हाती मणी लागतो आणि दुसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पहिल्याचा भ्रम संवादी, दुसऱ्याचा विसंवादी. हा दृष्टान्त मूळचा सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीचा, म्हणजे बौद्ध तार्किकाचा. चौदाव्या शतकातल्या अद्वैत्यानं तो निःसंकोच उचलला आणि उपासनेच्या समर्थनासाठी वापरला: ब्रह्मतत्त्वाची उपासना म्हणजे ज्ञान नव्हे, पण ती माणसाला ज्ञानाच्या दारापर्यंत नेते. भक्तीच्या संदर्भात यावर पुष्कळ निरूपण झालेलं आहे. तोच प्रश्न एका वेगळ्या ठिकाणी विचारून पाहावा असं मला वाटतं. भट्टीसारख्या तापलेल्या इंधन घटाच्या आत काय चाललं आहे, हे संगणक गणितानं दाखवतो. पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात: इथं तापमान इतकं, तिथं ऑक्सिजन इतका. आत डोकावून हे कुणी पाहिलेलं नसतं. मग पडद्यावर दिसतं ते ज्ञान, संवादी भ्रम, की नुसतीच कल्पना?

आधी वस्तू काय आहे ते पाहू. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल म्हणजे ज्वाळेवाचून जळण्याची सोय. मध्ये सिरॅमिकचा पातळ थर, त्याच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला इंधन. झिर्कोनियात थोडा यिट्रिया मिसळला की त्याच्या स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. साधारण ७०० ते १००० अंश सेल्सिअसला ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांवरून सरकत पलीकडे जातात आणि निकेल मिसळलेल्या सच्छिद्र थरात इंधनाला गाठतात. तिथं सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून हवेच्या बाजूला परततात, आणि तीच आपली वीज. राख नाही, आणि हायड्रोजन वापरला तर मागं उरते ती फक्त वाफ. वाल्थर नर्न्स्टनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच मिश्रणाची कांडी तापवून विजेचा दिवा केला होता. पुढं १९३७ मध्ये एमिल बाउर आणि त्याचा सहकारी प्राइस यांनी स्वित्झर्लंडमध्ये असल्या सिरॅमिकचा घट चालवून दाखवला. योगायोग असा, की हेच स्थिर केलेलं झिर्कोनिया आज सराफाच्या दुकानात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून मिळतं. दिवाही तोच आणि खोटा मणीही तोच. विद्यारण्यांना हा पदार्थ ठाऊक असता तर त्यांनी दृष्टान्त बदलला नसता, पण हसले नक्की असते.

आता अडचण. हा घट चालू असताना आत शिरता येत नाही. आठशे अंशाला, वायू गळू नये म्हणून चहूबाजूंनी बंद केलेल्या, काही सूक्ष्ममीटर जाडीच्या थरात जे घडतं त्यातलं फारच थोडं थेट मोजता येतं. बाहेर दोन तारा येतात आणि त्यांच्यावर कळतो तो विजेचा दाब आणि प्रवाह. काही न जोडता सुमारे एक व्होल्ट. प्रवाह वाढवत जावं तसा दाब उतरत जातो. या उताराचा एक वक्र निघतो, आणि तोच आपला दारातला उजेड. मॉडेल करणारा या वक्रापासून मागं जातो. किती दाब मिळायला हवा हे नर्न्स्टचं समीकरण सांगतं. इलेक्ट्रोडवरची विक्रिया किती जोर खाते हे बटलर आणि फोल्मर यांचं सूत्र सांगतं. छिद्रांतून वायू कसा झिरपतो, उष्णता कुठून कुठं जाते, याची समीकरणं वेगळी. सगळी एकत्र बांधून, घटाचे हजारो बारीक तुकडे कल्पून संगणक ती सोडवतो. समीकरणांमागचं भौतिकशास्त्र पक्कं असतं. पण त्यात जे आकडे घालावे लागतात त्यांतले बरेच मोजलेले नसतात, जुळवलेले असतात. छिद्रांची वाट किती वळणावळणाची आहे हे सांगणारा एक गुणक आहे. कुणी तो दोन-तीन धरतो, कुणी दहापर्यंत नेतो, आणि उरलेले आकडे थोडे सरकवले की दोघांचाही वक्र प्रयोगाच्या वक्रावर बरोबर बसतो. एकाच उजेडामागं अनेक ‘आत’ बसू शकतात, ही या प्रश्नाची खरी गाठ आहे. वक्र जुळला म्हणून आतलं चित्र खरं ठरत नाही; ते चित्र अशक्य नाही, एवढंच त्यातून कळतं.

इथं धर्मकीर्तीच्या बाजूनं पहिला आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. त्याच्या मते ज्ञानाची कसोटी अर्थक्रिया, म्हणजे वस्तूनं आपलं काम करणं. पाणी ते, ज्यानं तहान भागते. मग मॉडेलनं सांगितलेला दाब प्रत्यक्षात मिळाला, घट चालला, वीज आली, तर आतला गुणक तीन होता की दहा याची फिकीर कशाला? मणी हाती आला ना? बहुतेक अभियंते, धर्मकीर्तीचं नावही न ऐकता, याच मताचे असतात, आणि रोजच्या कामापुरतं ते बरोबरच असतात. पण या मताला एक गोष्ट लागते: धावत जाऊन हात घालण्याची संधी. ज्या घटावर, ज्या वायूवर, ज्या तापमानाला वक्र काढला तिथंच पुन्हा वापरायचं असेल तर ती संधी असते. मॉडेलची गरज मात्र नेमकी तिथं नसते. असा घट विकायचा तर तो साधारण ४०,००० तास चालेल अशी खात्री द्यावी लागते. म्हणजे साडेचार वर्षं. प्रत्येक नव्या रचनेसाठी साडेचार वर्षं वाट पाहायला कुणी तयार नसतं, म्हणून काही हजार तासांच्या चाचणीवरून पुढचं गणितानं ओढलं जातं. निकेलचे कण हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे होतात, त्यांच्यातली साखळी तुटते, थरांना चिरा जातात. या गोष्टी किती वेगानं होतील हे आतल्या खऱ्या रचनेवर ठरतं, जुळवलेल्या रचनेवर नाही. हात घालता येत असतो तेव्हा खरं-खोटं तपासायची घाई नसते. तपासणं निकडीचं होतं तेव्हा हात घालता येत नाही. अर्थक्रियेची कसोटी खोटी नाही. ती उशिरा येते.

याच कारणासाठी हा प्रश्न प्रयोगशाळेतून काढून दिंद्रुडला नेऊन ठेवावासा वाटतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं हे गाव. तिथं असा घट बसवलेला आहे असं नाही, पण असा घट कशाला हवा हे समजायला इतकी चांगली जागा दुसरी मिळणार नाही. याच जिल्ह्यात परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा बाहेरून आणता येतो, पाणी आणता येत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळानं पाणी संपलं आणि ते केंद्र बंद ठेवावं लागलं. वाफेवर चालणारं केंद्र पाण्याचं देणेकरी असतं. इंधन घट उलटा, तो पाणी पिण्याऐवजी वाफ सोडतो, आणि मिथेनचं विघटन करायला लागणारी वाफही बरीचशी स्वतःच्या उत्सर्गातून फिरवून घेऊ शकतो. मिथेन या भागात मिळण्यासारखा आहे. गावात जनावरं आहेत. जवळ तेलगावला सहकारी साखर कारखाना आहे, आणि ऊस जिथं गाळला जातो तिथं प्रेसमड निघतं, डिस्टिलरी असेल तर स्पेंटवॉश. या सगळ्यांपासून बायोगॅस होतो. गोबर गॅसमध्ये साधारण साठ टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि या घटाला तो कार्बन डायऑक्साइडही बाधत नाही. मॉडेलला विचारा: इतका मिथेन, इतका कार्बन डायऑक्साइड, आठशे अंश, वीज किती? आकडा मिळतो, आणि तो आकडा आनंद वाटावा असाच असतो.

तो आकडा खोटा नाही, पण एका न सांगितलेल्या अटीवर उभा आहे. बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. शेणाच्या वायूत दहा लाखांत शेकडो ते काही हजार भाग, आणि स्पेंटवॉशच्या वायूत तर शंभरात दोन-तीन भागांपर्यंत. पांढरी साखर करताना आपल्याकडचे बहुतेक कारखाने रसाला गंधकाचा धूर देतात, त्यामुळे प्रेसमडमध्येही गंधक उतरतो. घटातल्या निकेलला दहा लाखांत एक-दोन भाग गंधकही पुरतो. तो निकेलच्या पृष्ठभागावर चिकटून बसतो आणि विक्रियेची जागाच अडवतो. बाटलीतल्या शुद्ध मिथेनवर जुळवलेल्या मॉडेलला गंधक ठाऊकच नसतो. त्याच्या समीकरणांत ती संज्ञा नाही, म्हणून ते चुकल्याची खूणही दाखवत नाही. पडद्यावरचे पट्टे तितकेच सुंदर येतात.

नैयायिकांनी या प्रसंगाला फार पूर्वी नाव दिलेलं आहे: उपाधी. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. उलट केलं, की जिथं अग्नी तिथं धूर, तर ते फसतं, कारण त्यात ओल्या सरपणाची अट लपलेली आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. (आपला घटही त्या गोळ्याच्याच जातीचा.) ज्याला ओल्या सरपणाची अट दिसली नाही त्यानं निरीक्षण कमी केलं असं नाही, त्यानं कदाचित हजार चुली पाहिल्या असतील. पण सगळ्या ओल्या सरपणाच्या. हजार शुद्ध मिथेनच्या चाचण्यांनी गंधकाची अट कधीच उघडी पडणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं: संगणकाचं मॉडेल प्रत्यक्ष नव्हे आणि भ्रमही नव्हे, ते अनुमान आहे. अनुमानाची प्रतिष्ठा त्याच्या गणिताच्या बारकाईवर किंवा संगणकाच्या वेगावर ठरत नाही, तर त्यातल्या उपाधी हुडकून काढायला किती कष्ट घेतले यावर ठरते. हजार तुकड्यांऐवजी दहा लाख तुकडे करून तेच समीकरण सोडवल्यानं गंधक सापडत नाही. तो सापडतो तो दिंद्रुडच्या गोठ्यामागच्या टाकीतला वायू तपासल्यावर.

याला चार्वाक दुसऱ्या टोकावरून हरकत घेईल: मग अनुमानाचा खटाटोप कशाला, उपाधी संपल्या अशी हमी कधी मिळणार? आज गंधक सापडला, उद्या दुसरं काही. दिसेल तेवढंच माना. हा युक्तिवाद वाटतो तितका सुटसुटीत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा घटाच्या निकेलच्या थराचे आयनांच्या झोतानं अतिशय पातळ काप काढले, एकेक कापाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं छायाचित्रं घेतली आणि ती जोडून आतल्या रचनेचं त्रिमित चित्र उभं केलं. जिथं निकेल, सिरॅमिक आणि छिद्र ही तिन्ही एकत्र भेटतात त्याच रेषेवर विक्रिया होते. त्या नमुन्यात अशा रेषांपैकी जेमतेम दोन तृतीयांशच सगळ्या बाजूंनी जोडलेल्या निघाल्या. उरलेल्यांचा कुठंतरी संबंध तुटलेला किंवा तो जुळतो की नाही हे सांगता न येणारा होता. दारातून आत जाण्याच्या इतक्या जवळ तोवर कुणी गेलं नव्हतं. पण नीट पाहिलं तर ते प्रत्यक्षही भोळं नाही. घट विझलेला, थंड, कापलेला. नमुना काही सूक्ष्ममीटरचा. करड्या ठिपक्यांतला कोणता निकेल आणि कोणता सिरॅमिक हे ठरवणाराही संगणकच. मेलेल्या तुकड्यावरून चालत्या घटाबद्दल बोलणं म्हणजे पुन्हा अनुमान. दिसेल तेवढंच मानायचं तर चार्वाकाला हे चित्रही सोडावं लागेल. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी त्याला दिलेलं उत्तर मला आजही पुरेसं वाटतं: उद्याच्या, परक्या ठिकाणच्या अपवादाची शंका घेतोस त्याच क्षणी तू न पाहिलेल्या गोष्टीबद्दल अनुमान करतोस, आणि जी शंका तुझ्या स्वतःच्या वागण्यालाच छेद देते तिथं शंका थांबते. भूक लागल्यावर जेवायला बसणारा माणूस अन्न आणि तृप्ती यांच्या संबंधावर संशय घेत नाही. उपाधीची शोधाशोध अनंत नाही. करायच्या कामानं तिला सीमा पडते. गावातल्या दवाखान्याचा फ्रीज चालवायचा असेल तर गंधक मोजलाच पाहिजे. आकाशगंगेतल्या एखाद्या अज्ञात किरणाची चिंता नको.

तिसरा आक्षेप वेदान्त्याचा, आणि या जिल्ह्यात तो उपरा नाही. मुकुंदराजांचा विवेकसिंधु परंपरेनं शके १११० चा, म्हणजे ११८८ चा मानतात आणि त्यांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात. काळ आणि स्थळ या दोन्हींवर अभ्यासकांत वाद आहेत; पण ब्रह्मविचार मराठीत, आणि तर्काच्या शिस्तीनं मांडायची परंपरा इथल्या मातीशी जोडलेली आहे, यावर वाद नाही. त्या परंपरेतला माणूस म्हणेल: घटच मिथ्या, मग त्याचं मॉडेल खरं की खोटं हा वाद स्वप्नातल्या हिशेबासारखा. हे ऐकायला भारदस्त आहे, पण मला ते अद्वैताचं म्हणणं वाटत नाही, अद्वैताचा आळस वाटतो. अद्वैत्यांनी सत्तेच्या पायऱ्या काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या. दोरीवर दिसणारा साप प्रातिभासिक, दोरी व्यावहारिक, ब्रह्म पारमार्थिक. सापाचा निरास दोरीच्या ज्ञानानं होतो. त्यासाठी ब्रह्मज्ञान होईपर्यंत थांबावं लागत नाही, आणि ‘दोरीही मिथ्याच’ असं म्हणून सापाची भीती जात नाही. गंधक विसरलेलं मॉडेल हा व्यवहारातला दोष आहे, आणि तो व्यवहारातल्याच प्रमाणानं दूर करायचा. ‘सगळंच मिथ्या’ हे वाक्य त्या दोषावर पांघरूण म्हणून वापरलं, तर पायऱ्यांची ती सगळी मेहनत वाया जाते.

संवादी भ्रमाचं नाव मॉडेलला मी का देत नाही, तेही सांगायला हवं, कारण अनेकांना ते चपखल वाटेल. दृष्टान्तातल्या माणसाला आपण चुकतो आहोत हे माहीत नसतं. तो प्रभेलाच मणी समजतो. चांगला मॉडेल करणारा असं समजत नाही. आपण समीकरण आणि वस्तू यांत फरक करतो हे तो पहिल्या पानावरच लिहितो, गृहीतकांची यादी देतो. भ्रमाला यादी नसते. निदान आजवर तरी नव्हती. अलीकडं समीकरणंच वगळून, जुन्या चाचण्यांचे आकडे पुरवून यंत्राला शिकवायची पद्धत आली आहे. ते झटपट उत्तर देतं, बहुधा बरोबर देतं, पण कोणत्या अटीवर देतं हे विचारलं तर सांगू शकत नाही. ते खऱ्या अर्थानं उजेडाला मणी समजणारं आहे. त्याचा उपयोग नाही असं नाही. धर्मकीर्तीनं त्याला हसत जवळ केलं असतं. पण त्याच्या भरवशावर एखाद्या गावानं कर्ज काढावं का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर मी तूर्त नाही असंच देईन.

मराठी मुलखापुरतं पाहिलं तर या कामाचे धागे पुण्यात लवकर जुळले होते. १९८१ मध्ये तिथं टाटांचं संशोधन, विकास आणि आरेखन केंद्र सुरू झालं, त्याचे पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव हे मूळचे सिरॅमिकचे अभ्यासक. आयन वाहून नेणाऱ्या घन पदार्थांवरचा त्यांनी संपादित केलेला इंग्रजी ग्रंथ १९८० मध्ये निघाला होता. १९८८ मध्ये पुण्यातच सी-डॅक आलं आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. पदार्थाची जाण आणि गणिताची ताकद एका शहरात होती. आज पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा इंधन घट मोटारीत आणि बसमध्ये बसवून चालवून पाहिला गेला आहे, मात्र तो कमी तापमानाचा, पॉलिमर पडद्याचा. सिरॅमिकच्या घटावरचं देशातलं जुनं काम कोलकात्याच्या काच व सिरॅमिक संशोधन संस्थेचं. यांतल्या कोणत्याही मॉडेलला मराठवाड्यातल्या बायोगॅसचे मोजलेले आकडे, तेही उन्हाळ्याचे वेगळे आणि पावसाळ्याचे वेगळे, मिळाले तर त्या मॉडेलची योग्यता दुप्पट जलद संगणक दिल्यानं वाढेल त्यापेक्षा जास्त वाढेल. आकडे गोळा करण्याचं काम कमी मानाचं समजलं जातं, हा आपल्या ज्ञानव्यवहारातला जुना दोष आहे.

एक फरक मात्र मिटत नाही, आणि तो उपासनेच्या बाजूनं मोजावा लागतो. विद्यारण्य म्हणतात की निर्गुणाची उपासना पिकत गेली की ज्ञानात परिणत होते; ते याच जन्मी घडलं नाही तर मरणकाळी, नाही तर ब्रह्मलोकात. मणी हाती येण्याची वेळ अशी पुढं ढकलता येते. मॉडेल करणाराही ४०,००० तासांचं भाकीत करून तीच वेळ पुढं ढकलतो, आणि तोवर विश्वास मागतो. पण त्याच्या भाकिताला तारीख असते, आणि त्या तारखेला दुसरा कुणीही जाऊन व्होल्टमीटर लावू शकतो. उपासकाच्या भाकिताला असा त्रयस्थ साक्षी नाही. यावरून उपासना विसंवादी ठरते असं मी म्हणत नाही. प्रमाणशास्त्राला ती ज्या ठिकाणी सोडून द्यावी लागते तिथं तिच्या उपाधी तपासायचं काम ज्याच्या त्याच्याकडंच राहतं. आणि ते काम इंधन घटाच्या कामाहून सोपं आहे, असं पंचदशीतही कुठं म्हटलेलं नाही.